ओरडणारा खडा, गप्प बसलेले बाबा

मुतखड्याचं एक बरं असतं. तो लपवता येत नाही.

मला झाला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. कमरेच्या डाव्या बाजूला कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर खुपसून फिरवतंय असं वाटत होतं. मी फरशीवर लोळत होतो, आई देवाचं नाव घेत होती आणि बाबा गाडीची किल्ली शोधत होते. अर्ध्या तासात हॉस्पिटल, इंजेक्शन, मग सोनोग्राफी, सीटी स्कॅन. डाव्या मूत्रवाहिनीत ७ मिलिमीटरचा खडा. दुपारपर्यंत ही बातमी ऑफिसात, सोसायटीत आणि सगळ्या नातेवाइकांत पोचली होती, आणि प्रत्येकाकडे इलाज तयार होता. मावशीने कुळथाचं कढण सांगितलं, शेजारच्या काकांनी पानफुटीची पानं आणून दिली आणि टीममधल्या दोघांनी शपथेवर सांगितलं की बिअर प्यायली की खडा धुऊन जातो. (बिअर हा खड्यावरचा इलाज नाही. तिने यूरिक ॲसिड वाढतं ते वेगळंच.)

त्या रात्री मी आत कॉटवर आणि बाबा बाहेर बाकावर. आई नंतर म्हणाली, "चार तासांत सहा वेळा बाथरूमला गेले रे ते." आम्ही ते टेन्शनच्या खात्यावर टाकलं.

पुढे आठ महिन्यांनी एका लग्नाहून परत आल्यावर बाबांची लघवी पूर्ण बंद झाली. सर्दी झाली म्हणून दुकानातून एक साधी गोळी घेतली होती, तेवढं निमित्त पुरलं. रात्री अकरापासून सकाळपर्यंत त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. फेऱ्या मारत राहिले. हॉस्पिटलमध्ये नळी घातल्यावर पिशवीत एक लिटरहून जास्त लघवी आली. आपल्याला ४००-५०० मिलीलीटरला बसवत नाही. रक्तात क्रिएटिनीन वाढलेलं, म्हणजे किडनीलाही झळ लागलेली.

डॉक्टरांनी विचारलं, "काका, त्रास कधीपासून आहे?"

"असेल, दोन-तीन वर्षं."

आई आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. एकाच घरात दोन पुरुषांना लघवीचाच त्रास. एकासाठी पहाटे तीनला सगळी बिल्डिंग जागी, आणि दुसऱ्याचा दोन-तीन वर्षं कुणाला पत्ता नाही. कारण एक दुखत होतं आणि दुसऱ्याची लाज वाटत होती. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की वाढलेल्या प्रोस्टेटचं बरंचसं नुकसान या गप्प बसण्यामुळे होतं आणि ते मोडायची जबाबदारी आपली, म्हणजे मुलांची आहे. बाबा लोक आपणहून बोलणार नाहीत.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. सर्व्हर पडला की रात्री दोनला वीस माणसं कॉलवर येतात. डिस्क मात्र रोज अर्धा टक्का भरत असते तेव्हा तिकडे कुणी बघत नाही, आणि एक दिवस सगळं ठप्प झालं की "अचानक झालं" असं रिपोर्टात लिहितात. अचानक काही झालेलं नसतं.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रमार्ग बरोबर तिच्या मधून जातो. (हे डिझाइन कुणी रिव्ह्यूला आणलं असतं तर मी पास केलं नसतं.) वयाबरोबर ती वाढते. साठीच्या आसपास साधारण निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते आणि ऐंशीनंतर दहातल्या आठ-नऊ जणांत. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचं कॅन्सरमध्ये रूपांतरही होत नाही. मात्र दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, म्हणून डॉक्टर पीएसए ही रक्ताची चाचणी सुचवतात.

ग्रंथी मार्ग दाबते, त्यामुळे मूत्राशयाला जास्त जोर लावावा लागतो. काही वर्षं त्याचा स्नायू जाड होत जातो आणि माणूस निभावून नेतो. मग तो थकतो. लघवी मागे शिल्लक राहायला लागते. त्यातून जंतुसंसर्ग, मूत्राशयातच खडे, आणि दाब वर गेला की किडनीचं नुकसान. म्हणजे खडा आणि प्रोस्टेट ही दोन वेगळी खाती नाहीत. न सांगितलेल्या प्रोस्टेटमुळे खडासुद्धा होऊ शकतो.

हे ओळखायला फार काही लागत नाही. डॉक्टर सात प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. धार बारीक झाली का, सुरुवात करायला जोर करावा लागतो का, मधेच थांबते का, दोन तासांच्या आत परत जावं लागतं का, रोखून धरणं कठीण जातं का, झाल्यावरही पूर्ण झाली नाही असं वाटतं का, आणि रात्री किती वेळा उठावं लागतं. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज ७ पर्यंत असेल तर सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. बाबांची मी नंतर हिशेब करून काढली. २६ आली. आमच्याकडे चहाबरोबर पाच मिनिटांत भरून झाला असता असा हा फॉर्म.

आता एक गोष्ट सांगतो जी मला अजून टोचते. माझा खडा खाली सरकावा म्हणून डॉक्टरांनी सुरुवातीला टॅमसुलोसिन नावाची गोळी दिली होती. नळी घातल्यावर बाबांना पहिली गोळी सुरू केली तीही टॅमसुलोसिनच. ती तिथला स्नायू सैल करते, म्हणून दोन्हीकडे वापरतात. म्हणजे माझी उरलेली स्ट्रिप आमच्या औषधाच्या डब्यात आठ महिने पडून होती आणि ज्यांना तिची खरी गरज होती ते रोज त्याच डब्यातून बीपीची गोळी काढून घेत होते. (म्हणून घरातली स्ट्रिप उचलून वडिलांना देऊ नका. तिने बीपी उतरून चक्कर येऊ शकते. डॉक्टरांना विचारा. पण विचारा.)

वेळेत गेलं तर पुष्कळ जणांचं गोळ्यांवर भागतं. टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी काही दिवसांत फरक पडतो. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ग्रंथी लहान करतात, पण त्यांना सहाएक महिने द्यावे लागतात. गोळ्यांनी भागत नसेल, नळी काढल्यावर लघवी परत अडत असेल, सारखा संसर्ग किंवा रक्त जात असेल, मूत्राशयात खडे झाले असतील किंवा किडनीवर परिणाम होत असेल, तर ऑपरेशन. बाबांची नळी दोनदा काढून पाहिली, दोन्ही वेळा परत घालावी लागली. त्यामुळे ऑपरेशन ठरलं.

ते ठरल्याबरोबर इतके दिवस गप्प असलेलं सगळं गणगोत बोलायला लागलं आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. "लेझरने करतायत ना?"

या लेझर शब्दाचं आपल्याला भलतंच कौतुक आहे. मीही तोच प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. टीयूआरपी म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेने ग्रंथीचा आतला भाग तासून काढायचा. बाहेर कुठेही चिरा नाही. पूर्वी या ऑपरेशनमध्ये आत ग्लायसिनचं पाणी सोडत, ते रक्तात शोषलं जाऊन सोडियम उतरण्याचा धोका असे. आता बायपोलर पद्धतीत सलाइनवर काम होतं, त्यामुळे तो धोका जवळजवळ गेला. होलेप म्हणजे होल्मियम लेझरने आतली वाढ संत्र्याच्या सालीतून गर सोडवावा तशी अख्खी सोडवायची, मूत्राशयात ढकलायची आणि तिथे बारीक करून बाहेर ओढायची. ग्रंथी खूप मोठी असेल तर याचा फायदा ठळक दिसतो. पण ही पद्धत हातात बसायला सर्जनला बरीच ऑपरेशनं करावी लागतात.

बाबांची ग्रंथी ६० ग्रॅमची. "या मापाला टीयूआरपी उत्तम, आणि माझा हात त्यात बसलेला आहे," डॉक्टर म्हणाले. तेव्हा मला कळलं की माझा प्रश्न चुकला होता. विचारायचं ते असं: ग्रंथी केवढी आहे? या मापाला काय योग्य? आणि तुम्ही स्वतः यातलं जास्त काय करता? आपण भाषा निवडताना ती नवीन आहे म्हणून निवडत नाही, निदान निवडू नये. तेच इथे.

शिवाय "गर सोडवणं" ही कल्पना नवीन नाहीच. पीटर फ्रायर नावाचा आयरिश सर्जन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता. उत्तर हिंदुस्थानात मूत्राशयातले खडे आतल्या आत फोडून काढण्यात त्याचा हातखंडा होता. नंतर तो लंडनच्या सेंट पीटर्स हॉस्पिटलमध्ये गेला आणि १९०० साली पोटाकडून मूत्राशय उघडून चक्क बोटाने वाढलेली प्रोस्टेट सोडवून काढायला लागला. न्यूझीलंडमध्ये टौरंगा गावात पीटर गिलिंग आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तेच काम पोट न उघडता लेझरने बसवलं. बोटाच्या जागी लेझर आला, ग्रंथीचा थर मात्र तोच.

ऑपरेशनआधी आणखी एक गोष्ट कुणीतरी स्पष्ट बोलायला हवी आणि ती बहुतेक वेळा राहून जाते. टीयूआरपी किंवा होलेपनंतर बऱ्याच पुरुषांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. त्याने अपाय होत नाही, ताठरतेवरही सहसा परिणाम होत नाही. पण आधी सांगितलं नसेल तर माणूस हादरतो आणि तेही कुणाला सांगत नाही. म्हणजे परत तेच. आमचे डॉक्टर मला बाहेर बसवून बाबांशी पाच मिनिटं एकटे बोलले. फार बरं केलं.

सुश्रुतसंहितेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे, हे अभिमानाने सगळे सांगतात. त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळी. शस्त्रक्रिया केली नाही तर मृत्यू ठरलेला, केली तर यशाची खात्री नाही, म्हणून आधी अधिपतीला विचारून मगच शस्त्र हाती घ्यावं असं तिथे सांगितलंय. आज तो अधिकार पेशंटचा. विचारायचं असेल तर आधी नीट सांगायलाही हवं.

बाबा तिसऱ्या दिवशी नळी काढून घरी आले. दोन-तीन आठवडे घाई व्हायची, कधी लघवी लालसर दिसायची, ते अपेक्षितच होतं. क्रिएटिनीन उतरलं, पण अगदी पूर्वीच्या आकड्यावर आलं नाही. दोन-तीन वर्षांच्या गप्प बसण्याची ती किंमत.

आता तुमच्या कामाच्या दोन-तीन गोष्टी.

माझा खडा गोळ्यांनी पडला नाही. शेवटी दुर्बिणीने फोडून काढला आणि आत डीजे स्टेंट ठेवला. (हा डीजे मिरवणुकीतला नव्हे, पण झोप तोही उडवतो.) ही बारीक नळी काही आठवड्यांनी काढावीच लागते. लोक बरं वाटलं की विसरतात, मग महिनोन्‌महिने आत राहून तिच्यावरच खडे जमतात. मेमरी लीकचं याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही. डिस्चार्ज घेतानाच मोबाइलमध्ये तारीख टाका. बाकी पाणी एवढं प्या की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल, मीठ कमी करा, आणि दूध-दही मनाने बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम तोडल्याने कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे कमी होत नाहीत, उलट वाढू शकतात.

आई-वडिलांचा विमा काढत असाल तर मुतखडा आणि प्रोस्टेट हे दोन्ही बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांच्या प्रतीक्षेच्या यादीत असतात, हे बघून घ्या. त्रास सुरू झाल्यावर पॉलिसी काढून उपयोग नसतो.

आणि तिसरी, मुख्य गोष्ट. या रविवारी घरी फोन कराल तेव्हा "तब्येत कशी?" असं विचारू नका. "बरी आहे" हेच उत्तर येणार. सरळ विचारा, "बाबा, रात्री लघवीला किती वेळा उठता?" दोन्हीकडे थोडा वेळ शांतता पसरेल. पसरू दे. आकडा दोनच्या वर असेल तर अपॉइंटमेंट घ्या, आणि सोबत जा. कारण प्रोस्टेटच असेल असं नाही, शुगर असेल, आणखी काही असेल. पण कळेल तरी.

परवा मी बाबांना विचारलं, की तेव्हा सांगितलं का नाही. ते म्हणाले, "तू विचारलं नाहीस." मग पेपर उघडून वाचायला लागले.

असो. पाणी पिऊन येतो.