पर्यटन राजधानीच्या पायऱ्या

छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही. तरीही मुंबईच्या बंदरात नांगर टाकणाऱ्या क्रूझ जहाजांचा विचार या शहराने करायला हवा. बॅलार्ड पिअर येथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. तेथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हाकेच्या अंतरावर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जालन्यापर्यंत सुरू झालेली आणि २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढविण्यात आलेली वंदे भारत एक्स्प्रेस त्याच स्थानकातून मराठवाड्याकडे येते. जगभर क्रूझने फिरणाऱ्यांत निवृत्त, वयस्कर माणसांचा भरणा मोठा असतो. हातात काठी, गुडघ्यांत कृत्रिम सांधे आणि सोबत घडीची चाकाची खुर्ची घेऊन ही मंडळी जग पाहायला निघतात. त्यांच्यापैकी कोणी वेरूळ-अजिंठा पाहायचे ठरविले, तर त्यांचे स्वागत कशाने होईल? प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर पायऱ्यांनी.

हा विषय परदेशी पाहुण्यांपुरता असता, तर तो पर्यटन खात्यावर सोडून देता आला असता. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार व्यक्तींची नोंद अपंग म्हणून झाली आणि साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे १० टक्के होते. घृष्णेश्वराच्या दर्शनाला येणारी आजी, गुडघेदुखीने बेजार झालेले निवृत्त शिक्षक, अपघातानंतर कुबड्या घेतलेला तरुण, ही सारी या आकड्यांतील माणसे. नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये ऐन भरात असेल, तेव्हा त्र्यंबकेश्वर करून वेरूळकडे वळणाऱ्या भाविकांत अशांचीच संख्या मोठी असणार आहे.

अजिंठा : दरी आणि डोली

अजिंठा आणि वेरूळ या दोन्ही लेणीसमूहांना जागतिक वारसास्थळाचा दर्जा १९८३ मध्ये मिळाला. मात्र चालण्याची अडचण असलेल्यांच्या दृष्टीने या दोन ठिकाणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकृती दरीत, उभ्या कड्यात कोरलेली. खासगी वाहने फर्दापूरच्या टी पॉइंटवर थांबतात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. धुरापासून चित्रांचे रक्षण व्हावे म्हणून केलेली ही व्यवस्था योग्यच आहे. पण बसची उंच पायरी हीच मग पहिली कसोटी ठरते. त्यानंतर चढण, पायऱ्या, आणि बहुतेक लेण्यांना स्वतंत्र उंबरठे.

यावर स्थानिक तोडगा आहे तो डोलीचा. बांबूला बांधलेल्या खुर्चीत बसवून चार जण खांद्यावरून नेतात. आसपासच्या गावांतील अनेकांचा त्यावर चरितार्थ चालतो, आणि डोली नसती तर हजारो वृद्धांना पद्मपाणीचे दर्शन घडलेच नसते, हे मान्य केले पाहिजे. परंतु डोली ही सोय आहे, हक्क नव्हे. ती परवडावी लागते, ती उपलब्ध असावी लागते, आणि चार माणसांच्या खांद्यावर बसण्याचा संकोच गिळावा लागतो.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच आहे. जपानच्या अर्थसाह्याने राबविलेल्या अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पातून अजिंठ्याच्या पायथ्याशी भव्य अभ्यागत केंद्र उभे राहिले. १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती तेथे साकारण्यात आल्या. कडा चढू न शकणाऱ्यांना सपाट जमिनीवरून ती चित्रसृष्टी अनुभवता यावी, यासाठी याहून चांगला मार्ग नव्हता. २०१३ मध्ये सुरू झालेले हे केंद्र पाणी आणि विजेच्या थकबाकीपायी काही वर्षांतच बंद पडले. कोट्यवधी रुपयांची वास्तू उभारण्यात आपण कमी पडलो नाही. तिचे महिन्याचे बिल भरण्यात कमी पडलो. सार्वजनिक सोयींच्या बाबतीत आपला हा जुनाच रोग आहे.

वेरूळ : जे शक्य आहे ते

वेरूळचे चित्र बरेच आशादायक आहे. येथील ३४ लेणी सुमारे दोन किलोमीटरच्या पट्ट्यात पसरली असली, तरी त्यांच्यासमोरून रस्ता जातो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १६ व्या क्रमांकाच्या कैलास लेण्याचे अंगण पायथ्याच्या पातळीवर आहे. प्रवेशद्वाराची अडचण ओलांडली, की चाकाच्या खुर्चीतूनही दगडी हत्ती, ध्वजस्तंभ, रामायण-महाभारताचे शिल्पपट आणि कैलास हलविणारा रावण पाहता येतो. वरच्या मंडपात जाता आले नाही, तरी कैलासाचे वैभव हुकत नाही.

दौलताबादच्या किल्ल्याबाबतही असाच व्यवहारी विचार हवा. अंधारी आणि साडेसातशेच्या आसपास पायऱ्या ओलांडून बारादरीपर्यंत रॅम्प न्यावा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण चाँदमिनार, हत्ती तलाव आणि भारतमाता मंदिर हा खालचा भाग ओबडधोबड फरसबंदीची डागडुजी करून बऱ्याच जणांच्या आवाक्यात आणता येईल. वारसा जपायचा असल्याने काही करता येत नाही, ही सबब आता जुनी झाली. २००१ च्या जानेवारीत शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा अपंग हक्क चळवळीतील कार्यकर्ते जावेद आबिदी यांनी पाठपुरावा केला आणि कुतुबमिनारसारख्या वास्तूंवर लाकडी रॅम्प उभे राहिले. दगडाला खिळाही न ठोकता हे साधले. जे एका थोर पाहुण्यासाठी काही दिवसांत जमले, ते नांदेडहून आलेल्या एखाद्या आजोबांसाठी जमायला हरकत कोणती?

अथेन्सचे उदाहरणही बोलके आहे. पिरेअस बंदरावर क्रूझ जहाजे लागतात आणि प्रवासी थेट ॲक्रोपोलिसच्या खडकाकडे निघतात. त्या अडीच हजार वर्षांच्या वारशाला डिसेंबर २०२० मध्ये नवी लिफ्ट बसविण्यात आली. त्यामुळे ॲक्रोपोलिसचे महत्त्व तसूभरही उणावले नाही.

शहराचे काय?

लेण्यांपर्यंत पोहोचण्याआधी शहर पार करावे लागते. क्रांती चौक, पैठण गेट, गुलमंडी, औरंगपुरा या भागांत पायी फिरणाऱ्या धडधाकट माणसालाही पदपथ शोधावा लागतो. तो सापडलाच, तर त्यावर हातगाडी, दुचाकी किंवा विजेचे रोहित्र असते. १५ सेंटीमीटर उंचीचा पदपथ चढायला १:१२ या प्रमाणित उतारानुसार १ मीटर ८० सेंटीमीटर लांबीचा रॅम्प लागतो. प्रत्यक्षात अनेकदा सिमेंटचा एखादा गोळा थापून रॅम्पची नोंद पुरी केली जाते. त्यावरून खुर्ची चढत नाही, उलटते. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० अंतर्गत महिला-२० ची बैठक येथे झाली, तेव्हा शहराची रंगरंगोटी झाली, कारंजी उडाली. भिंती रंगविण्याला जी तत्परता दाखविली गेली, ती पदपथांच्या वाट्याला का येऊ नये?

एसटीचे धोरण या विसंगतीचा उत्तम नमुना आहे. दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत झाला. सवलतींचे मोल कमी नाही. पण तिकीट शून्यावर आले, तरी बसची पायरी इंचभरही खाली आलेली नाही. भाडे कमी करणे सोपे असते, कारण त्याची घोषणा करता येते. पायरी कमी करायला बस बदलावी लागते.

कायदा आहे, मुदत सरली

कायद्याचा अभाव आहे, असेही नाही. अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा १९९५ चा. त्याची जागा घेणारा दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि अस्तित्वातील सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन आले. ती मुदत २०२२ मध्ये सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम केवळ शिफारसवजा असणे कायद्याशी विसंगत ठरविले आणि बंधनकारक नियम करण्याचे निर्देश केंद्राला दिले. सुगमता ही दयाबुद्धीने द्यायची गोष्ट नसून कायदेशीर कर्तव्य आहे, एवढा त्याचा अर्थ स्पष्ट आहे.

प्रश्न उरतो तो जबाबदारीचा. लेणी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, रस्ता बांधकाम खात्याकडे, बस एसटीकडे, पदपथ महापालिकेकडे आणि जाहिरात पर्यटन महामंडळाकडे. पर्यटकाचा प्रवास मात्र एकच असतो. या साखळीतील एक कडी तुटली, तरी बाकीच्यांचा खर्च वाया जातो. लेण्यात रॅम्प असूनही बसमध्ये चढता येत नसेल, तर तो रॅम्प कोणाच्या उपयोगाचा?

म्हणूनच सुरुवात रोपवेच्या चर्चेपेक्षा साध्या गोष्टींनी व्हावी. अजिंठ्याच्या मार्गावर सखल तळाची एक-दोन वाहने द्यावीत. अभ्यागत केंद्र कायम चालू राहील, अशी तरतूद करावी. डोलीचे दर ठळकपणे लावावेत. आणि कोणत्या लेण्याला किती पायऱ्या, बाक कुठे, स्वच्छतागृह कुठे, ही माहिती तिकीटखिडकीवर मराठी, हिंदी व इंग्रजीत मिळावी. किती पायऱ्या आहेत हे आधी कळले, तर माणूस आपल्या बळाचा हिशेब मांडू शकतो. आज तो अर्ध्या वाटेवर बसून राहतो आणि घरचे लोक लेणी पाहून परत येईपर्यंत त्यांच्या चपला सांभाळतो. पर्यटन राजधानी म्हणविणाऱ्या शहराने हे दृश्य पुसून टाकण्याचे मनावर घ्यायला हवे.