अंदाजपत्रक कोणासाठीं?

घरपट्टीच्या फेरआकारणीची नोटीस हातीं पडली म्हणजे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगांव येथें जो गलबला उठतो तो आमच्या वाचकांस नवा नाहीं. परंतु हा पैसा कोठें खर्चावयाचा हें ज्या सभेंत ठरतें, त्या अंदाजपत्रकाच्या सभेची चौकशी यांपैकीं किती जण करतात? करदात्याचें लक्ष मागणीच्या बिलावर आणि सभासदाचें लक्ष पुढच्या निवडणुकीवर, अशी ही जुनी रीत आहे.

१९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यांत योजना सरळ आहे. भाडेमूल्याच्या पद्धतींत घरास वर्षाचें वाजवी भाडें किती येईल हें धरून, त्यांतून दुरुस्तीप्रीत्यर्थ शेंकडा १० वजा करावे. उरलेल्या करयोग्य मूल्यावर शेंकडा किती पट्टी घ्यावयाची हें नगरपरिषदेनें ठरवावें. आकारणीची यादी दर चार वर्षांनीं नवी करावी, ती लोकांस पाहावयास ठेवावी आणि हरकती ऐकाव्या. वाढ व्हावयाची तर ती पायरीपायरीनें व्हावी, हा यांतील हेतु उघड आहे. पण नाराजीच्या भयानें फेरआकारणी लांबणीवर टाकली म्हणजे काय होतें? ज्यानें मध्यंतरीं दोन मजले चढविले त्याची पट्टी जुनीच राहते, आणि पुढें एके दिवशीं साऱ्या वर्षांचा भार एकदम कोसळतो. मोठा घरवाला वकील देऊन अपील करतो. मातीच्या घरांतील विधवा दागिना मोडते. दया म्हणून जें लांबविलें तें गरिबावरच उलटतें.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. हिंगणघाटासारख्या कापसाच्या पेठेस पूर्वीं जकातीचा मोठा आधार होता. १९९९ सालीं नगरपरिषदांची जकात उठली, व तिच्या जागीं सरकारी अनुदान आलें. अनुदान देणारा हिशेब मागतो. पण गांवचा म्हणून जो मुख्य पैसा उरला तो घरपट्टीचा, आणि त्याचा हिशेब मागावयाचा तो गांवानें. तो मागितला जातो काय? २०१६ सालीं निवडलेल्या सभासदांची मुदत संपल्यापासून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत सभेच्या जागीं प्रशासकच होते. अधिकारी कितीहि सचोटीचा असो, अंदाजपत्रकास प्रश्न विचारणारा निवडलेला सभासद त्या काळांत नव्हता.

याच वर्ध्यांत मगनवाडीस राहून ग्रामोद्योग संघाचें काम करणारे जे. सी. कुमारप्पा हे मूळचे हिशेबतपासनीस. सार्वजनिक पैसा कोणाकडून येतो व कोणावर खर्च होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. नव्या सभासदांनीं आपल्या नगरपरिषदेस हाच प्रश्न वॉर्डावॉर्डाचे आंकडे मागून विचारावा.

आमची मागणी मोठी नाहीं. अंदाजपत्रकाचा मसुदा सभेपूर्वीं निदान पंधरा दिवस सोप्या मराठींत प्रत्येक वॉर्डांत लावावा. पट्टीचें किती येणें, किती वसूल झालें, नाल्या, दिवे व पाणी यांवर किती गेलें, एवढें त्यांत असावें. फेरआकारणी ठरल्या वर्षीं व्हावी. आणि थकबाकीदारांची यादी, मोठ्या रकमेपासून आरंभ करून, त्याच फलकावर लागली तर आमची हरकत नाहीं.