पत्रे टाका, पण भिंत पाडू नका

ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराचं वय लिहिलेलं असतं. वय वाढलं की घसारा वाढतो आणि घराची किंमत उतरते. कर आकारायला हे ठीक आहे. पण मारेगाव तालुक्यातल्या शंभर वर्षं जुन्या मातीच्या वाड्याची सरकारदरबारी तेवढी एकच नोंद असेल, तर तो वाडा कागदावर केव्हाच पडला आहे. प्रत्यक्षात जे अजून उभे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मार्डी, कुंभा, वेगाव, बोटोणी, कुठल्याही गावच्या वाचकाने हे आपल्यालाच उद्देशून आहे असं समजावं.

हे वाडे कापसाने उभे केले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कंपनीकडे सोपवला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, वर्धा नदीपलीकडे हिंगणघाटची बाजारपेठ फुलली. आपला जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळालं. भाव पुढे पडलेही, पण चांगल्या सालांत ज्यांच्या हाती पैसा उरला त्यांनी तो सागात आणि मातीत घातला.

आणि किती जाणतेपणाने घातला! शेतातली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर भिंत टिकत नाही आणि तिची भिंतही टिकत नाही. म्हणून पाया खाली मुरमापर्यंत न्यायचा, दगडी जोतं वर काढायचं आणि भिंतीला गावठाणातली पांढरी माती घ्यायची. ती भुसा घालून तुडवायची, मुरू द्यायची आणि मग थरावर थर चढवायचा. भिंत हात-दीड हात रुंद. पण घराचा भार या भिंतीवर नसतोच. तो सागाच्या खांबांवर आणि मयालींवर असतो; खांबाच्या बुडाला दगड, म्हणजे ओल आणि उधई दोन्ही लांब. एखादी भिंत पावसात बसली तरी छप्पर उभं राहतं आणि दिवाळीनंतर भिंत पुन्हा चढवता येते. दुरुस्तीची सोय मुळातच ठेवून बांधलेलं हे घर आहे. आजच्या स्लॅबमधली सळई गंजली की काय करायचं, याचं उत्तर इतकं सोपं नाही.

आतली मांडणी शेताच्या हिशेबाने. समोर सपरी, तिथे सालदाराशी बोलणं, पाहुण्यांचा चहा. मग आंगण, एका बाजूला बैलांचा कोठा. आत माजघर, त्याच्या अंधारात धान्याच्या ढोल्या, वर माळ्यावर बी-बियाणं आणि वखर-डवऱ्याची लाकडं. कापूस घरात आला की एक खोली छतापर्यंत भरायची आणि भावाची वाट बघायची. त्या खोलीचं दार रुंद असतं ते त्यासाठी. पोळ्याला बैल ओवाळायला दारात आले की बाया कुठे उभ्या राहतील, हेसुद्धा बांधणाऱ्या वाढईला ठाऊक होतं. वरून कवेलू, त्याच्या फटींतून गरम हवा निघून जाते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी बसून बघा आणि मग माजघरात बसून बघा. याहून मोठा पुरावा मी देऊ शकत नाही.

मातीचं घर टिकत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा सेवाग्रामला जावं. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले. आज जी बापू कुटी आपण पाहतो, ती मुळात मीराबेननी बांधली होती; एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याची ही मुलगी. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू, सगळं इथलंच. नव्वद पावसाळे होत आले, कुटी उभी आहे. कारण तिला दरवर्षी हात लागतो, सारवण होतं, कवेलू फेरले जातात.

मीराबेनच्या देशात काय घडलं तेही पाहू. केंटमध्ये बे-लीफ नावाचं एका शेतकऱ्याचं घर होतं, पंधराव्या शतकातलं. ओक लाकडाचा सांगाडा, मधल्या पोकळीत काटक्यांचा कूड आणि वरून मातीचा लेप. १९६० च्या दशकात ते एका जलाशयाच्या पाण्याखाली जाणार होतं. लोकांनी ते लाकूड लाकूड सुटं केलं, ससेक्सच्या एका खुल्या संग्रहालयात नेलं आणि जसंच्या तसं पुन्हा उभारलं. राजवाडा नव्हे, शेतकऱ्याचं घर! तिकडे १९४७ च्या नगररचना कायद्यापासून अशा इमारतींची यादी होते. यादीतलं घर मालकाचंच राहतं, तो त्यात राहतो, शेती करतो; फक्त परवानगीशिवाय ते पाडता किंवा बिघडवता येत नाही. यादीत आज चार लाखांच्या आसपास नोंदी आहेत आणि त्यांत शेतघरं गावोगावची आहेत.

कूड आपल्याकडेही आहे. आपल्या भागातल्या कोलाम पोडांवर तुराट्या-पऱ्हाट्यांचा आणि बांबूचा कूड विणून, मातीने लिंपून घरं बांधली गेली. तिकडे त्याच बांधणीला कायद्याचं संरक्षण आणि इकडे ती फक्त पाडण्याजोगी? म्हणून माझं म्हणणं पाटला-देशमुखांच्या वाड्यांपुरतं नाही. वाड्याच्या भिंती ज्यांनी तुडवल्या त्यांची नावं कुठल्याच सनदेत नाहीत. आपल्याकडे अशी यादी झाली, तर निदान पोडावरचं एक जुनं कुडाचं घर आणि चावडी तरी तिच्यात वाड्याच्या शेजारी लिहिली गेली पाहिजे.

कर्जाने पिचलेल्या जिल्ह्यात वाड्यांचं काय घेऊन बसलात, असं कुणी विचारेल. प्रश्न खरा आहे. ज्याच्या डोक्यावर पाणी गळतं त्याला घरकुल मिळालंच पाहिजे आणि त्याने ते घ्यावं. माझी तक्रार वेगळी आहे. जुन्या सागवानाचे व्यापारी गावोगाव फिरतात, अडचणीतल्या माणसाचा दरवाजा आणि खांब पडेल भावात उचलतात आणि तेच लाकूड शहरातल्या हॉटेलांत दिमाखाने उभं राहतं. लुटला जातो तो शेतकरीच. वाड्याचं मोल त्याला ठाऊक असेल तर निदान सौदा तरी डोळे उघडे ठेवून होईल.

पडझडीची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. हिस्सेवाटणीत आंगणातून भिंत जाते, एका भावाच्या वाट्याला कुलूप येतं आणि कुलपाचं घर तीन-चार पावसाळ्यांत बसतं. माकडं कवेलू फोडतात, फेरणारा माणूस मिळत नाही. माकडांपुढे हात टेकले असतील तर खुशाल पत्रे टाका. छप्पर पुन्हा बदलता येतं. पण मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती आतच साचते आणि भिंत आतून कुजते. माती मातीनेच लिंपावी, नाहीतर चुन्याने.

कायद्याच्या भरवशावर थांबण्यात अर्थ नाही. केंद्राचा १९५८ चा कायदा शंभर वर्षांपुढच्या वास्तूंसाठी आहे खरा, पण तो प्रामुख्याने किल्ले, मंदिरं, लेणी यांच्याकडे बघतो. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, ती मुंबईपुरती. आपल्याला जे करता येईल ते ग्रामसभेत. जैवविविधता कायद्याने गावाने आपल्या झाडा-पाखरांची नोंदवही स्वतः ठेवायची असते. तशीच घरांची का नाही?

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत प्रत्येक गावातून एक अर्ज जाऊ द्या. त्यात एवढंच मागायचं: गावातल्या जुन्या माती-सागाच्या आणि कुडाच्या घरांची वेगळी नोंदवही, मालकाच्या संमतीने. प्रत्येक घराचा नकाशा, फोटो, खांबांची संख्या, आणि घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाने सांगितलेली हकीकत. मोजमापाला नागपूरच्या व्हीएनआयटीच्या वास्तुकला विभागाला पत्र लिहा, विद्यार्थी पाठवा म्हणावं. गावात जो कुणी वाढई, जो कुणी कवेलू थापणारा कुंभार अजून हयात आहे, त्याचं नाव पहिल्या पानावर घ्या आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या हाताखाली चार पोरं कामाला लावा, रोजीने. नोंदवहीतलं घर विकायचं किंवा पाडायचं ठरलं तर मालकाने महिनाभर आधी ग्रामसभेला कळवावं, एवढाच एक ठराव त्यासोबत करा. मारेगावच्या नगरपंचायतीनेही शहरातल्या जुन्या घरांसाठी हेच करावं. अर्जावर पहिली सही वाडा ज्याच्या नावावर आहे त्याची घ्या आणि दुसरी त्या वाड्यात सालदारकी केलेल्या माणसाची.