कुंपणाच्या आतलं पाणी

कोळशाच्या खाणीतून जे पाणी उपसून वर काढतात, त्याला कागदावर 'खाणीचं पाणी' म्हणतात. माझं भांडण या नावापासूनच सुरू होतं. खाण कोळसा काढते, पाणी पिकवत नाही. पाणी आमच्या वावरात पडतं, धुऱ्याधुऱ्याने मुरतं, कोळशाच्या वर जो वालुकाश्म आहे त्यात साठतं. भूगर्भवाले त्याला कामठीचा थर म्हणतात, आम्ही इहिरीचा झरा म्हणतो. खाली बोगदे पडले की हेच पाणी झिरपत बोगद्यात उतरतं. मग ते आमचं कोणत्या हातावर जाऊन खाणीचं झालं, हे मला कोणी सांगावं.

वरोऱ्याला कोळसा नवा नाही. इंग्रजाने १८७१ साली इथे खाण उघडली, कोळसा नेण्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली आणि १९०६ साली खाण बंद करून मोकळा झाला. तो परका होता, त्याला काय विचारणार? पण १९७३ साली खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा कोळसा देशाचा झाला असं आम्हाला सांगितलं. देशात आमची गावं येतात की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

खाणीत पंप चालवावाच लागतो, हे मला कळतं. सगळं पाणी खाली एका खड्ड्यात जमा करतात, त्याला संप म्हणतात, आणि तिथून रात्रंदिवस वर फेकतात. खाणीला पाणी म्हणजे खेळ नाही. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाळ्याच्या खाणीत वरचं तुंबलेलं पाणी फुटून आत शिरलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हा पंप बंद करा असं म्हणणारा मी नाही. पंपाच्या पाइपाचं दुसरं टोक कुठे आहे, तेवढं विचारणारा आहे.

आता खाणीच्या वर काय काय असतं ते पाहा. हजेरीघर, बत्तीघर, कँटीन, दवाखाना, पाळी संपवून येणाऱ्यासाठी न्हाणीघर. हे कोणी दयेपोटी बांधत नाही. २०२५ पर्यंत त्यासाठी १९५२ चा खाण कायदा होता. कामगाराला पुरेसं, थंड आणि निरोगी पाणी द्यावं, त्या जागेवर 'पिण्याचे पाणी' असं कामगाराला समजेल त्या भाषेत लिहावं, ती जागा संडास-मुताऱ्यांपासून सहा मीटरच्या आत नसावी, इतकं बारीक त्यात लिहिलं होतं. न्हाणीघरासाठी १९५९ चे वेगळे नियम झाले. हे नियम कामगारांनी भांडून मिळवले आणि ते चांगलेच आहेत. जमिनीखाली आठ तास राबणाऱ्या माणसाच्या आंघोळीचं पाणी माझ्या डोळ्यात खुपत नाही.

पण माझा पुतण्या अशाच एका खाणीत आहे. पाळी सुटली की तो तिथे साबण लावून आंघोळ करतो, थंड पाणी पितो, फाटकाबाहेर येतो आणि मोटारसायकल काढून गावात येतो. गावात त्याची बायको दोन गुंड घेऊन टँकरपाशी उभी असते. माणूस तोच. कुंपणाच्या आत तो कामगार, म्हणून पाण्याचा हक्कदार. कुंपणाबाहेर तो गावकरी, म्हणून रांगेत. पाणी मात्र ज्या जमिनीतून निघालं ती जमीन कुंपणाच्या दोन्हीकडे एकच आहे.

आमची इहीर माझ्या बापाने खणली. चाळीस हात. मी पोरगा असताना उन्हाळ्यातही तिच्यात उडी मारता येत होती. जवळच्या खाणीचे पंप सुरू झाले आणि तिसऱ्या वर्षी मार्चमध्येच तळाचा दगड दिसला. अर्ज घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, "पाऊस कमी झाला, पाटील." मी म्हटलं, "पाऊस कमी झाला, तर मग नाला भर चैतात कसा वाहून राह्यला, साहेब?" ते कागद पाहत राहिले. घरचीचा सवाल तर याहून सोपा होता. "नाल्यात पाणी वाहते अन् मी टँकरची वाट पाहू काय?" याचं उत्तर अजून कोणत्याच हपिसात मिळालं नाही.

काही जण म्हणतात, नाल्यात सोडलं तर शेतकऱ्याचाच फायदा. ज्याचं वावर नाल्याला लागून आहे आणि ज्याच्याकडे इंजिन आहे, त्याचा झाला असेल. ज्याची इहीर आटली त्याचं वावर वरच्या अंगाला आहे. त्या पाण्यासोबत कोळशाचा भुगा येतो, तो पऱ्हाटीच्या सरीत काळा थर होऊन बसतो. पाणी कधी येईल, कधी बंद होईल, याचा वायदा नाही. वायद्याशिवायच्या पाण्यावर शहाणा माणूस गहू पेरत नाही. वरून आमच्या मोटारीला लाईन आठवड्यातून काही दिवस रात्रीची, आणि खाणीच्या पंपाला चोवीस तास.

हे पाणी साफ होत नाही, असंही ऐकवतात. मग नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीच्या खाणीचं पाणी वेकोलिने शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत कसं भरलं? भानेगाव खाणीचं पाणी वीजकेंद्राला द्यायचा करार कसा झाला? बाटलीत जातं, वीजकेंद्रात जातं, तर गावाच्या टाकीत जायला त्याला काय अडचण आहे? अडचण पाण्यात नाही. वीजकेंद्र करार मागतं, आणि आम्ही अर्ज करतो. अर्ज आणि करार यातला फरक खेड्याने आता शिकला पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणीआधी जनसुनावणी होते. तिथे नोकऱ्यांची बोली होते, चहा-बिस्कीट होतं, आणि पाण्याचं पान उलटलं जातं. आपण तेच पान आधी उघडायचं. रोज किती उपसणार, खाण आणि कॉलनी मिळून किती वापरणार, उरलेलं कुठे सोडणार, हा हिशोब मराठीत ग्रामसभेपुढे मांडा. पहिला पंप लागायच्या आधी शिवारातल्या एकेका इहिरीची पातळी मोजा आणि त्यावर ग्रामपंचायतीची सही घ्या, म्हणजे पुढे कोणी पावसावर ढकलणार नाही. न्हाणीघराची पाइपलाइन टाकाल त्याच दिवशी गावाचीही टाका, मधे गाळ बसवायचं टाकं बांधा, आणि हंगामाहंगामाला पाणी तपासून निकाल गावच्या फळ्यावर लावा. खाण बंद झाल्यावर पंप कोण चालवेल, तेही आजच लिहून द्या. कोळसा संपला की साहेबाची बदली होते, आमची होत नाही.

याच वरोऱ्याच्या खडकाळ माळावर १९४९ साली बाबा आमट्यांनी आनंदवन वसवायला घेतलं, तेव्हा आधी विहीर खणायला घेतली. हातात काही नव्हतं, सोबत गावाबाहेर काढलेली आजारी माणसं होती. तरी पाणी पहिलं, बाकी मागून. ज्यांच्याकडे पंप आहेत, पाइप आहेत, इंजिनेर आहेत, त्यांना हा क्रम जमत नसेल, तर त्यांनी आमच्या शिवारात पहिली कुदळ मारू नये.