नाव सोलापूरचे, नोंद कोणाची?

‘सोलापुरी चादर’ या नावाचा हक्क विकता येत नाही. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याचे २४ वे कलम याबाबत निःसंदिग्ध आहे. नोंदणी झालेल्या अशा नावावरील हक्काची विक्री, गहाण वा परवाना यांपैकी काहीही करता येत नाही. अधिकृत वापरकर्त्याच्या मृत्यूनंतर त्याचा हक्क वारसाकडे जातो, एवढाच काय तो अपवाद. मागावर पिढ्यान्‌पिढ्या घालविलेल्या समूहाची ती सामायिक मिळकत आहे, आणि ती एकट्यादुकट्याने फुंकून टाकू नये, हा त्यामागील हेतू होय. परंतु हेच नाव रोमन अक्षरांत जोडून लिहावे, पुढे ‘डॉट कॉम’ लावावे, ते मोकळे असल्यास हजार-पाचशे रुपये भरून वर्षापुरते आपल्या नावे नोंदवावे आणि दुसऱ्याच दिवशी दसपट किमतीस बाजारात मांडावे, यास मात्र कोणी हटकत नाही. जोवर त्या पत्त्यावर परगावच्या चादरी सोलापुरी म्हणून विकल्या जात नाहीत, तोवर नुसत्या नोंदणीला कायद्याची आडकाठी होणे कठीणच.

संकेतस्थळाच्या पत्त्याची, म्हणजे डोमेन नावाची, नोंदणी ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ या न्यायाने होते. मिळते ती मालकी नव्हे, मुदतीचा वापरहक्क; पण त्याची खरेदी-विक्री जमिनीच्या तुकड्यासारखी चालते. नव्या नोंदणीपासून ६० दिवसांपर्यंत ‘डॉट कॉम’ नाव एका नोंदणी कंपनीकडून दुसरीकडे हलविण्यास नकार देता येतो खरा. परंतु हा निर्बंध कंपनी बदलण्यावर आहे, धनी बदलण्यावर नव्हे. त्याच कंपनीच्या दफ्तरी एका खात्यावरील नाव दुसऱ्या खात्यावर चढविणे हे काही मिनिटांचे काम. पूर्वी तर नाव घेऊन पाच दिवसांत परत केल्यास शुल्कही परत मिळे, आणि लक्षावधी नावे अशी फुकट चाखून टाकली जात. २००९ च्या सुमारास त्यास आळा बसला.

या व्यापारातील प्रत्येक जण लबाड आहे, असे मानण्याचे कारण नाही. सामान्य शब्द आधी हेरून ठेवणारा आणि होऊ घातलेल्या रस्त्याकडेला भूखंड घेणारा यांत फारसा भेद नाही. आक्षेप आहे तो दुसऱ्याने कमावलेल्या नावलौकिकावर पाटी लावण्यास. २०२३ मध्ये दिल्लीच्या एका तरुणाने जिओ व हॉटस्टार यांच्या संभाव्य एकत्रीकरणाचा अंदाज बांधून ‘जिओहॉटस्टार’ हे नाव नोंदविले आणि २०२४ मध्ये त्याच्या मोबदल्यात परदेशातील शिक्षणाचा खर्च मागितला. अनेकांना त्याचे कौतुकही वाटले. मात्र अशा मागणीस तोंड देण्यास बलाढ्य कंपनीपाशी वकिलांची फौज असते. सोलापूरच्या यंत्रमागधारकापाशी ती नसते.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. ‘रेडिफ’शी मिळतेजुळते ‘रॅडिफ’ हे नाव वापरणाऱ्यास मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मनाई केली. २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण देता येते, असा निर्वाळा दिला. त्याच वेळी या वादांसाठी देशात स्वतंत्र कायदा नसल्याचेही नमूद केले. तो कायदा अद्याप झालेला नाही.

त्यातही व्यापारचिन्ह एका धन्याचे असते, गावाचे नाव समूहाचे. या भेदाची झळ फ्रान्सच्या शँपेन उत्पादकांनाही लागली. ‘शँपेन डॉट को’ या नावाविरुद्धची त्यांची तक्रार २०११ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादाने फेटाळली. भौगोलिक निर्देशन म्हणजे आपोआप व्यापारचिन्ह नव्हे, हे कारण. जेथे शँपेनची डाळ शिजली नाही, तेथे चादरीची ती सहज शिजेल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ‘डॉट इन’च्या वादनियमांत व्यापारचिन्हाबरोबर नुसत्या ‘नावा’चाही उल्लेख आहे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

सोलापूरची अडचण आणखी एक आहे. रोमन लिपीत या शहराचे स्पेलिंग इंग्रजी अमदानीत ‘शोलापूर’ असे होते, आज ‘सोलापूर’ आहे; चादर कोणी एका ‘डी’ने लिहितो, कोणी दोन ‘डीं’नी. यंत्राच्या लेखी ही सारी वेगवेगळी नावे, वेगवेगळी मिळकत. एक राखले तरी तीन मोकळी राहतात. ग्राहकाला यातले खरे कोणते, हे कळणार कसे? २०१८ नंतर युरोपच्या खासगीपणाच्या कायद्यामुळे नोंदणीदाराचे नाव बहुधा झाकलेलेच असते. नोंदणीची तारीख मात्र पाहता येते, आणि ‘पन्नास वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या दुकानाचा पत्ता गेल्या महिन्यात नोंदलेला असेल, तर पैसे पाठविण्यापूर्वी थांबलेले बरे.

उपाय सरकारच्या आवाक्याबाहेरचा नाही. बँकांच्या नावे चालणारी फसवणूक वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ हे राखीव क्षेत्र उघडले. तेथे बँकेखेरीज कोणास पाय ठेवता येत नाही. नोंदणीकृत भौगोलिक नावांसाठी ‘डॉट इन’खाली असेच क्षेत्र राखून अधिकृत वापरकर्त्यांनाच तेथे प्रवेश द्यावा आणि २४ व्या कलमाप्रमाणे तेथील नाव विकण्यास मनाई करावी. ‘डॉट भारत’ हे देवनागरी क्षेत्र २०१४ पासून मराठीसाठी खुले आहे; तेथे स्पेलिंगचा घोळही बराच कमी होईल. तोवर यंत्रमागधारकांच्या संस्थांनी चार-सहा स्पेलिंगांची नावे वर्गणी काढून एकत्र नोंदवावीत आणि मुदत संपण्याची तारीख कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावी. ‘डॉट कॉम’ची मुदत चुकल्यास नाव सोडवून घेण्यास साधारण महिनाभराची सवलत मिळते, तीही जादा दंड भरून, त्यानंतर ते पुन्हा खुल्या बाजारात जाते.