विद्यापीठाच्या ग्रंथालयातील नवी वेठ

आमच्या जिल्ह्यात ‘वेठ’ या शब्दाचा अर्थ जुन्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. खोताच्या घरचे काम कुळाने करावयाचे, मोबदल्याचे नाव काढावयाचे नाही, आणि वर खोताने आपल्याला कसू दिले याबद्दल त्याचे उपकार मानावयाचे, अशी ती रीत होती. या खोतीविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ सालापासून सुमारे सहा वर्षे जमिनी कसावयाचे नाकारले. १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला. खोत गेले. वेठ मात्र गेली नाही. ती शहाणी झाली, पदवीधर झाली आणि आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात संगणकासमोर बसली आहे. तिचे आजचे नाव आहे ‘इंटर्नशिप’. सरकारी मराठीत ‘आंतरवासिता’.

कोलाडची एक मुलगी माझ्या माहितीची आहे. वडील नाक्यावर रिक्षा चालवितात. मुलीने पदवी घेतली, नंतर ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात तंत्रज्ञान विभागात सहा महिन्यांची आंतरवासिता मिळाली, दरमहा सहा हजार रुपये. राहणे शहरात, खाणावळ शहरात. तेव्हा वडिलांनी दरमहा चार हजार रुपये पाठविले. सहा महिन्यांचे झाले चोवीस हजार. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठाला कोलाडच्या एका रिक्षावाल्याने चोवीस हजार रुपयांचे अनुदान दिले, असाच याचा अर्थ होतो. अर्थशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले. पण अनुदानाचा हा प्रकार कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आढळला नव्हता.

महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर तिला दिवसाला सुमारे २३० रुपये पडले. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व ज्या राज्याने १९७७ साली कायद्यात आणून देशाला दाखवून दिले, त्या राज्यात दोन पदव्या घेतलेल्या मुलीच्या श्रमाची किंमत बंधाऱ्यावरच्या मातीकामाच्याही खाली जावी, याला काय म्हणावे? मातीकाम हलके आहे असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. मातीकाम करणाऱ्याला निदान दराचा कायदा होता. हिला तोही नव्हता.

आता ती करीत काय होती ते पाहू. जुन्या प्रबंधांची बांधणी सोडवून पाने स्कॅन करणे, ग्रंथांवर बारकोड चिकटविणे, आणि जुन्या सूचीतील नोंदी नव्या संगणक-प्रणालीत आणणे. जुन्या प्रणालींत देवनागरीची सोय धड नव्हती. म्हणून अनेक ग्रंथालयांत मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत, ज्याला जसे सुचले तशा केलेल्या आहेत. एकाच लेखकाची आडनावाने, आद्याक्षरांनी आणि चुकीच्या वर्णांनी चार रूपे होतात, आणि वाचकाला चारांतले एकच सापडते. ही रूपे जुळविणे म्हणजे निव्वळ टंकलेखन नव्हे. त्याला भाषा यावी लागते, ग्रंथ हाताळलेला असावा लागतो. मुलीने स्वतःच्या वहीत लेखकांची यादी केली, नियम ठरविले आणि काही हजार नोंदी दुरुस्त केल्या. सहा महिने संपले. प्रमाणपत्र मिळाले. तिच्या जागी नवा आंतरवासी आला. वही कोणी मागितली नाही, म्हणून ती तिच्याबरोबर कोलाडला आली. नव्याने पुन्हा श्रीगणेशा केला, आणि बहुधा पाचवे रूप तयार केले.

‘प्रशिक्षण’ हा शब्द येथे किती पोकळ आहे, हे तपासून पाहण्यासारखे आहे. प्रशिक्षणाला शिकविणारा लागतो. या विभागातील तांत्रिक पद रिक्त होते. म्हणूनच तर आंतरवासी घेतले गेले. म्हणजे ज्याने शिकवावयाचे त्याचीच खुर्ची रिकामी, आणि शिकावयास आलेल्यांनी ती आळीपाळीने भरून काढावयाची. प्रशिक्षणाला अभ्यासक्रम लागतो. येथे होता तो रोजच्या कामाचा ढीग. प्रशिक्षणाला शेवट असतो. हे काम तर ग्रंथालय चालू आहे तोवर संपणारे नाही. काम कायमचे आणि माणूस सहा महिन्यांचा, ही व्यवस्था शिक्षणाची नसून बचतीची आहे.

हे सर्व कायद्याच्या कोणत्या फटीतून घडते तेही कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे अठरावे कलम सांगते की, शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. त्याला कामगार कायदे लागू नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या वेतन संहितेनेही त्याला कर्मचाऱ्याच्या व्याख्येबाहेरच ठेवले. तरीही त्या कायद्याखाली करार नोंदवावा लागतो आणि २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन ९ हजार रुपये ठरविले. ‘आंतरवासी’ म्हटले की हीदेखील अडचण उरत नाही. कामगार नाही म्हणून किमान वेतन नाही. शिकाऊ उमेदवार नाही म्हणून किमान विद्यावेतन नाही. १९८२ साली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, गरजेपोटी किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करावे लागणे म्हणजे घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठच होय. त्या निकालातील तत्त्व विटा वाहणाऱ्या मजुराला लागू पडते, तर प्रबंधाची पाने स्कॅन करणाऱ्या पदवीधराला का पडू नये? ‘प्रशिक्षण’ ही एक पाटी लावल्याने श्रमाचे स्वरूप बदलते काय?

सरकारनेही हीच वाट रुंद केली आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने ‘मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना’ आणली. पदवीधराला दरमहा १० हजार, मुदत सहा महिने. मुदत संपताच हजारो तरुणांनी ‘आता पुढे काय?’ असे विचारले, तेव्हा २०२५ साली आणखी पाच महिने वाढवून देण्यात आले. प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले आणि कायम करा म्हणाले. त्यांचे चुकले काय? त्यांनी कार्यालयांत खरोखरीचे काम केले होते. दुसरीकडे नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण श्रेयांकांसह आणले. हेतू वाईट नाही. पण ज्या बाजारात पुरवठा अभ्यासक्रमाच्या सक्तीने वाढविला जातो आणि मागणी करणारा किंमत न देता माल उचलू शकतो, तेथे श्रमाची किंमत शून्याकडे जाणार, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

पैसा नाही, असे उत्तर मिळेल. पैसा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. त्यांतून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना उपलब्ध होतात. खेड्यातील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यालाही ती वाचता यावीत, याचे मी स्वागतच करतो. परंतु बड्या परदेशी प्रकाशकांसाठी सहा हजार कोटी निघतात, आणि ती नियतकालिके वाचकाच्या पडद्यापर्यंत आणून देणाऱ्या तरुणाच्या वाट्याला सहा हजार रुपये येतात, तेव्हा प्रश्न टंचाईचा राहत नाही. तो पसंतीचा होतो.

ही पसंती नेहमीच अशी नव्हती. कोलाडपासून हाकेच्या अंतरावर रोहे आहे, आणि रोहेकरांना चिंतामणराव देशमुखांचा अभिमान आहे. महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. हे देशमुख १९५६ ते १९६१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. आयोगाने १९५७ साली डॉ. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथालयातील प्रशिक्षित सेवकवर्गाचा दर्जा व वेतन अध्यापकांच्या तोडीचे असावे, ही त्या समितीची भूमिका होती. देश गरीब होता, परकीय चलनाची चणचण होती, धान्य आयात करावे लागत होते. तरीही ग्रंथालयात काम करणारा माणूस हा विद्यापीठाच्या ज्ञानव्यवहाराचा भागीदार आहे, हे त्या पिढीला पटले होते. त्याही आधी, १९११ साली, सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात बॉर्डेन या अमेरिकन तज्ज्ञाने ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला, तो राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम चालू असतानाच. तेथे आधी कामाची योजना होती, मग त्यासाठी प्रशिक्षण. आज प्रशिक्षणच कामाच्या जागी बसविले आहे.

‘अनुभव तर मिळतो ना?’ हा आक्षेप प्रामाणिक माणसेही घेतात, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. अनुभव मिळतो, हे खरे. त्या मुलीने जे शिकले ते तिचे आहे. परंतु हा अनुभव घेणे कोणाला परवडते? ज्याचे घर शहरात आहे, ज्याच्या बापाला दरमहा चार हजार पाठविणे जड जात नाही, त्याला. कातकरी वाडीवरचा पहिला पदवीधर या दारातून आत येऊच शकत नाही. पदभरतीत आरक्षण असते. आंतरवासितेत बहुधा तेही नसते. म्हणजे पदे गोठवावयाची, आरक्षण आपोआप गोठते. आणि मागल्या दाराने ज्याला परवडते त्याचा प्रवेश सुरू ठेवावयाचा. आणि अनुभवानंतर नोकरी कोठे आहे? ज्या पदासाठी अनुभव घेतला ते पद तर पुढच्या आंतरवाशाने अडविले आहे. आमची मुलगी आज धाटावच्या एका कारखान्यात कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहे.

येथे माझाही कबुलीजबाब दिला पाहिजे. नोकरीत असताना ग्रंथालय समितीवर मी अनेक वर्षे बसलो. पद रिक्त झाले की ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हणून विद्यार्थी नेमण्याच्या ठरावावर मीही सही केली आहे. काम अडू नये, एवढाच विचार होता. पण काम अडले नाही म्हणूनच पद भरले गेले नाही, हे मला निवृत्तीनंतर उमगले. आमच्या प्राध्यापक संघटना वेतनश्रेणीसाठी लढल्या, कर्मचारी संघटना कायम सेवकांसाठी लढल्या. सहा महिन्यांच्या माणसाला सभासदत्वाची पावती कोणी फाडली नाही. आपल्या पक्षानेही हा प्रश्न ‘विद्यार्थ्यांचा’ म्हणून युवक आघाडीकडे आणि ‘कामगारांचा नाही’ म्हणून बाजूला सारला.

आता मागण्या स्पष्ट केल्या पाहिजेत. मंजूर पद रिक्त असलेल्या कामावर आंतरवासी नेमण्यास बंदी असावी. विद्यावेतन कोणत्याही नावाखाली दिले तरी ते त्या क्षेत्रातील किमान वेतनापेक्षा कमी नसावे. शिकविणाऱ्या कायम सेवकाचे नाव आणि लेखी अभ्यासक्रम असल्याशिवाय आंतरवासिता मान्य होऊ नये. निवडीत आरक्षण व वसतिगृहाची सोय असावी. आणि ग्रंथालयातील तांत्रिक पदे भरताना तेथेच काम केलेल्यांचा अनुभव गुणांत धरला जावा. यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कंत्राटी भरतीचा शासननिर्णय निघाला आणि लोकांच्या संतापामुळे पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला, हे विसरू नये. बोलले की मागे घेतात. गप्प राहिले की कायम करतात, निर्णय, माणसे नव्हेत.

प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने आपल्या परिसरातील विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांतून किती पदे मंजूर, किती रिक्त आणि किती आंतरवासी, एवढी तीन आकड्यांची नोंद माहितीच्या अधिकारात मागवावी. कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजगृहातून पाणी सुटले की कोलाडच्या पोरांच्या राफ्टा चालतात. पाणी बंद झाले की पोरे काठावर बसतात. नदीच्या बाबतीत हे चालवून घेता येईल. शिकलेल्या माणसांचे आयुष्य कोणा कार्यालयाच्या चावीवर असे सोडता आणि रोखता येणार नाही, हे सांगण्याची वेळ आली आहे. चरीच्या कुळांजवळ पदव्या नव्हत्या. फुकट राबणार नाही, एवढे एकच वाक्य त्यांना पाठ होते, आणि सहा वर्षे त्यांनी ते सोडले नाही.