घर जंगम, माणूस उघड्यावर

सातारा, सोलापूर आणि सिंहगड या तिन्ही दिशांनी पुण्यात येणारा माणूस बहुधा स्वारगेटला उतरतो. या स्वारगेटच्या पोटात मेट्रोचे भुयारी स्थानक आकारास येत असताना पुणेकरांनी अनेक वर्षे धूळ, अडथळे आणि वळणे सोसली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा सुरू झाला आणि त्या त्रासाचे सार्थक झाले असे सर्वांनी मानले. स्थानकाच्या खर्चाची चर्चा झाली, विलंबाची झाली, सुशोभनाचीही झाली. परंतु असे मोठे काम संपल्यावर त्याच्याभोवती उभे राहिलेले तात्पुरते जग कोठे जाते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. अभियंत्यांच्या लोखंडी केबिनी, सामानाचे कंटेनर, पहारेकऱ्यांच्या खोल्या हा सारा पसारा काम सरताच एखाद्या रात्री ट्रेलरवर चढतो आणि सकाळी जागा मोकळी दिसते. तो पसारा नाहीसा झालेला नसतो. तो विकला गेलेला असतो.

जुन्या केबिनी स्वस्तात विकत घ्यायच्या, उचलून दुसरीकडे न्यायच्या, डागडुजी करून पुन्हा विकायच्या, हा आता महाराष्ट्रातील मोठ्या शहरांभोवती स्थिरावलेला व्यवसाय आहे. त्याचे गिऱ्हाईकही नानाविध आहे. वजनकाट्याचा मालक, रोपवाटिकावाला, द्राक्षबागेत औषधे व अवजारे ठेवण्यास खोली हवी असलेला शेतकरी, नवे काम मिळालेला छोटा ठेकेदार आणि अलीकडे शेतघराची हौस असलेला शहरी नोकरदार. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजाराला जे तत्त्व लागू आहे तेच येथेही लागू आहे. एकाला नकोशी झालेली वस्तू दुसऱ्याला हवी असते, आणि त्या दोघांची गाठ घालून देणारा मधला माणूस त्यावर पोट भरतो. त्यात निंद्य काही नाही. उलट, लोखंड भंगारात जाण्यापूर्वी त्याचा आणखी दहा वर्षे उपयोग होत असेल, तर समाजाच्या दृष्टीने तो लाभच आहे.

भाव वस्तूचा आणि भाव वाहतुकीचा

या व्यापाराचे मर्म मात्र वस्तूत नसून वाहतुकीत आहे. काम संपले की ठेकेदाराला जागा ठरल्या मुदतीत मोकळी करून द्यावी लागते. त्या घाईत केबिन कवडीमोलाने निघते. पण ती तेथे स्वस्त असते याचा अर्थ ती सर्वत्र स्वस्त असते असा नव्हे. उचलण्यासाठी क्रेन, नेण्यासाठी ट्रेलर, उतरविण्यासाठी पुन्हा क्रेन, आणि शहरात दिवसा अवजड वाहनांवर निर्बंध असल्याने रात्रीचा खोळंबा, एवढे सारे त्या स्वस्ताईत मिळविल्यावरच खरी किंमत कळते. वीस फुटी कंटेनर आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर रुंद असतो. मोटार वाहन नियमांनी वाहनाच्या रुंदीला २.६ मीटरची मर्यादा घातली आहे. त्यामुळे तो सुखाने रस्त्यावरून जातो, आणि चाळीस फुटी ट्रेलरवर असे दोन कंटेनर बसले की प्रत्येकी भाडे निम्मे होते. दहा फूट रुंदीची केबिन त्याहून ऐसपैस व आकर्षक असली, तरी ती रस्त्यावर आणण्यास खास परवानगी हवी, नाहीतर ती सुटी करून न्यावी लागते. रुंदीतील त्या दोन फुटांनी साऱ्या सौद्याचा नफा खाल्ला, असे या धंद्यात सहज घडू शकते.

दुसरी अडचण माहितीची. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही अशा बाजारात चांगला मालही वाईट मालाच्या भावाने मागितला जातो, आणि परिणामी चांगला माल बाजारात येईनासा होतो, हे त्यांनी दाखवून दिले. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जुन्या केबिनीच्या बाजाराला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. रंगाचा नवा हात बाहेरून दिसतो. तळाच्या चौकटीचा गंज, पाण्याने फुगलेली प्लायवूडची जमीन, भिंतीआड उघडी पडलेली वीजतार, चुकीच्या ठिकाणी दोर लावून उचलल्याने तिरकी झालेली चौकट या गोष्टी दिसत नाहीत. सागरी कंटेनरवर निदान चार अक्षरे व सात अंकांची ओळख आणि सुरक्षिततेची पट्टी असते. केबिनीला जन्मतारीखही नसते.

स्थावर आणि जंगम

कायद्याच्या भाषेत मालमत्ता दोन प्रकारची, स्थावर आणि जंगम. १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमानुसार जमीन आणि जमिनीला जखडलेल्या वस्तू या स्थावर मालमत्तेत मोडतात. विटांच्या ठोकळ्यांवर नुसती टेकवलेली केबिन त्यात सामान्यतः बसत नाही. म्हणून तिला सातबारा नाही, नोंदणी नाही आणि घरकर्जही नाही. ती वस्तू म्हणून विकली जाते, आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला काही अटींवर खरेदी-विक्रीतील फरकावरच वस्तू व सेवा कर भरण्याची सवलत मिळते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भेद असा की, घराची किंमत वाढते ती विटांमुळे नव्हे, तर खालच्या जमिनीमुळे. जमीन वजा केली की उरलेले घर हे झिजणारे यंत्र असते. अमेरिकेत कारखान्यात तयार होणाऱ्या अशा घरांसाठी १९७६ पासून राष्ट्रीय दर्जा ठरलेला आहे आणि लक्षावधी कुटुंबे त्यांत राहतात. नावाने ती फिरती घरे असली, तरी हलविण्याचा खर्च एवढा असतो की बहुतेक घरे एकदा टेकली की टेकलीच. घर स्वतःचे आणि जमीन परक्याची अशा अवस्थेत भाडेवाढ निमूटपणे सोसण्याखेरीज तेथील कुटुंबाला गत्यंतर नसते. झोपडपट्टीच्या प्रश्नावर केबिन हा उतारा आहे, असे कोणी सुचवू लागल्यास हा अनुभव विसरता कामा नये.

मग जंगम घर खरोखर कोणासाठी? ज्याचे जगणेच जंगम आहे त्याच्यासाठी. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. दरवर्षी गळीत हंगामाला निघणारा ऊसतोड कामगार आपल्या कोपीचे सामान बरोबर घेऊनच गाव सोडतो. आपत्तीच्या प्रसंगी सरकारही जंगम निवाऱ्याचाच आश्रय घेते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर उभ्या राहिलेल्या ‘निसेन हट’ हे नाव पुण्यातील वृद्धांच्या स्मरणात आहे. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यानंतर वाचलेल्या कुटुंबांना कंटेनरमध्येच आसरा मिळाला. परंतु ज्याला वर्षाचे बारा महिने अशा घराची गरज आहे, तो बांधकाम मजूर मात्र या बाजाराच्या हिशेबात कोठेही नाही.

२९ जून २०१९ च्या पहाटेपूर्वी, स्वारगेटपासून काही किलोमीटरवरील कोंढव्यात एका निवासी संकुलाची सीमाभिंत पावसात कोसळली. भिंतीला लागून पत्र्याच्या खोपट्यांत झोपलेल्या मजूर कुटुंबांतील पंधरा जण, लेकराबाळांसह, ठार झाले. ती खोपटी भिंतीच्या आडोशाने उभी होती, कारण जेथे सोय तेथे पत्रे ठोकणे हाच अशा निवाऱ्याचा एकमेव नियम असतो. वस्तुतः १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या ३४ व्या कलमाने काम चालू असेतोवर मजुरांना विनामूल्य तात्पुरती निवासव्यवस्था, स्वयंपाकाची व स्नानाची वेगळी सोय देण्याचे आणि काम संपताच ती हलवून जागा पूर्ववत करण्याचे बंधन मालकावर घातले होते. संसदेने २०२० साली संमत केलेल्या संहितेत इतर अनेक कायद्यांबरोबर हा कायदाही सामावून घेतला. शब्दांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती हिशेबाची.

सोळा रुपयांचा प्रश्न

तो हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. केवळ उदाहरणादाखल असे समजू की, वीस फुटी नवी केबिन दोन लाखांना पडते आणि तिच्यात चार मजूर राहतात. तीन वर्षांनी ती फेकून दिली, तर महिन्याला २६ दिवस कामाचे धरून दर मजुरामागे दर दिवशी सुमारे ५३ रुपये खर्च येतो. तीच केबिन तीन वर्षांनी ८० हजारांना विकली गेली, तर हा खर्च ३२ रुपयांवर उतरतो. आणि ठेकेदाराने ती ८० हजारांची जुनी केबिनच घेतली, वाहतूक व दुरुस्तीला ४० हजार घातले आणि तीन वर्षांनी ६० हजारांना विकली, तर मजुरामागे दिवसाला १६ रुपये पडतात. स्वारगेटच्या स्थानकाबाहेर एका वडापावला जे पडतात त्यांच्या आसपास! ज्या जुन्या बाजाराकडे सुशिक्षित माणूस भंगाराचा धंदा म्हणून पाहतो, त्याच बाजारामुळे मजुराला धड छप्पर देणे परवडण्याजोगे होते, हा या आकड्यांचा अर्थ.

तरीही ठेकेदार ते देत नाही. याचे कारण त्याच्या दुष्टपणात शोधण्यापेक्षा निविदेत शोधावे. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम द्यायचे ठरले की मजुरांच्या निवाऱ्यात काटकसर करणारा बाजी मारतो आणि सचोटीने खर्च धरणारा मागे पडतो. म्हणून सार्वजनिक कामांच्या निविदांत मजूर-निवास ही बाब स्वतंत्र, ठरावीक दराची आणि स्पर्धेबाहेरची असावी. केबिनी प्रत्यक्ष उभ्या राहिल्याची पाहणी झाल्यावरच तिचे पैसे मिळावेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संमती दिलेला स्वारगेट-कात्रज हा ५.४६ किलोमीटरचा भुयारी मार्ग याचा आरंभ करण्यास योग्य आहे. एका कामावरच्या केबिनी तपासून दुसऱ्या कामावर नेणे येथे जितके सोपे, तितके क्वचित कोठे असेल. तपासणीही फार अवघड नको. केबिनीला क्रमांक, बांधणीचे वर्ष, तळाच्या चौकटीची आणि वीजजोडणीची पाहणी केल्याची तारीख, एवढी एक पट्टी पुरे. तेवढ्याने अकरलॉफ यांनी वर्णिलेला अविश्वास पुष्कळ कमी होईल आणि प्रामाणिक व्यापाऱ्याला त्याच्या प्रामाणिकपणाचा भाव मिळेल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, लोखंडी खोली उन्हाळ्यात तापते. हे खरेच, परंतु उष्णतारोधक भिंती, छपरावर सावली आणि समोरासमोर खिडक्या हा त्यावरील उपाय कार्यालयीन केबिनींत नित्य होतो. अभियंत्याला जे ऊन सोसत नाही ते मजुराला सोसते, असे मानण्यास शास्त्राधार नाही. दुसरा आक्षेप, या केबिनी हटणारच नाहीत आणि नवी अतिक्रमणे होतील. येथे बाजारच मदतीला येतो. पत्र्याच्या खोपटाला विक्रीची किंमत नसते, म्हणून ते मागे सोडले जाते. ज्या वस्तूचे साठ हजार रुपये येणार आहेत ती कोणी रस्त्यात टाकून जात नाही.

मेट्रोच्या कामावरील लोखंडाला नवे गिऱ्हाईक मिळते, नवा पत्ता मिळतो, दुसरे आयुष्यही मिळते. त्या लोखंडाच्या सावलीत भुयार खणणारा माणूस मात्र पुढच्या कामावर पुन्हा पत्रे ठोकायला लागतो. केबिनीचा सौदा ठरविताना तिच्या गंजाची चौकशी होते. तिच्यात पुढे कोण राहणार, ही चौकशी ज्या दिवशी निविदेच्या कागदावर उतरेल, त्या दिवशी हा बाजार खऱ्या अर्थाने घरांचा बाजार ठरेल.